दहा टायर, पासिंग किती? ट्रक-ट्रेलरच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

धुळ्यातल्या ट्रान्सपोर्टच्या हापिसात मी बसायला लागलो त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी फोन आला, "पारोळ्याच्या पुढं गाडी पलटी करायची आहे, चार हमाल पाठवा." माझे हातपाय गार. ड्रायव्हरला कितपत लागलंय, पोलीस आले का, असं मी विचारत सुटलो. पलीकडं आधी शांतता, मग हसणं. शेवटी आबांनी माझ्या हातातून फोन घेतला नि दोन वाक्यांत काम उरकलं. तीस वर्षं स्टिअरिंग धरून झाल्यावर आबा आता हापिसात बसतात. पलटी म्हणजे एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरणं. त्या गाडीचा एक्सल, म्हणजे दोन्हीकडची चाकं धरणारा आडवा दांडा, तुटला होता, एवढंच. खरोखर उलटली असती तर "गाडी पडली" म्हणाले असते.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथूनच फुटतो. त्यामुळं इथल्या हापिसातली बोली म्हणजे अर्धी इंग्रजी, पाव हिंदी नि उरलेली मराठी-अहिराणी. ती कुणी शिकवत नाही. मी बरेचसे शब्द पैसे घालवून शिकलो. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

शब्द अकारविल्हे पाठ करू नका. एक खेप जशी पुढं सरकते त्या क्रमानं शिका. आणि नवा शब्द कानावर पडला की "याचा अर्थ काय" याच्या आधी "हा खर्च कोणाचा" असं विचारा. या धंद्यातले निम्मे शब्द त्या एका प्रश्नासाठीच तयार झालेत.

१. आधी टायर मोजायला शिका

गाडीला इथं कंपनीच्या नावानं कमी आणि टायरवरून जास्त ओळखतात. "सहा टायर" म्हणजे पुढं दोन, मागं जोडीचे चार, एक्सल दोन. "दहा टायर" म्हणजे मागं जोडीचे आणखी चार, एक्सल तीन.

"बारा टायर" म्हटलं की सावध व्हा, कारण त्यात दोन जाती आहेत. एकीत पुढंच दोन एक्सल असतात आणि दोन्ही वळतात. दुसरी म्हणजे दहा टायरचीच गाडी, तिला वर उचलता येणारा एक जास्तीचा एक्सल. तो "लिफ्ट एक्सल". रिकामं जाताना तो उचलून धरतात, टायर नि डिझेल वाचतं. जो एक्सल नुसता वजन पेलतो, ज्याला इंजिनाची ताकद मिळत नाही, तो "डमी". चौदा टायरला पुढं चार, मागं आठ आणि लिफ्टचे दोन. सोळा टायरला पुढं चार, मागं बारा.

छोट्या गाड्यांना सरळ नावंच आहेत. छोटा हत्ती, पिकअप, चारशेसात. "आयशर" हे एका कंपनीचं नाव असलं तरी आपल्याकडं चौदा-सतरा-एकोणीस फुटी कुठल्याही मधल्या गाडीला आयशरच म्हणतात. व्यापारी "आयशर पाठवा" म्हणाला की कंपनी विचारत बसू नका, हौद्याची लांबी विचारा. हौदा म्हणजे माल भरायचा भाग आणि त्याचं मागचं उघडणारं दार म्हणजे फाळका.

बंद पेटीच्या गाडीला "कंटेनर" म्हणतात, मग ती पेटी गाडीवर कायमची बसवलेली का असेना. बत्तीस फुटी कंटेनर दोन प्रकारांत येतो: "सिंगल एक्सल" साधारण सात टनांचा आणि "मल्टी एक्सल" साधारण चौदा-पंधरा टनांचा. लांबी तीच, आत जागा तेवढीच. फरक फक्त वजन पेलण्याचा आणि भाड्याचा. नुसतं "बत्तीस फुटी हवी" अशा निरोपावर गाडी पाठवू नका.

एक सोपी खूण आबांनी शिकवली. गाडीवर जो चार आकडी नंबर रंगवलेला असतो, पंचवीस-अठरा, सोळा-तेरा असा, त्यातले पहिले दोन आकडे बहुतेक कंपन्यांत भरलेल्या गाडीचे टन दाखवतात आणि शेवटचे दोन इंजिनाची ताकद, दहाच्या पटीत. म्हणजे २५१८ ही २५ टनांची, १८० हॉर्सपॉवरची गाडी. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये एक्सलवरची वजनमर्यादा वाढवली, म्हणून नव्या गाड्यांवर १९, २८, ५५ असे आकडे दिसतात.

२. वजन: इथं घाई करू नका

नवा माणूस सगळ्यात जास्त वजनात फसतो, म्हणून याला जरा वेळ द्या.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं मालासकट जास्तीत जास्त किती ते. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते "पासिंग". समजा दहा टायरच्या आरसीवर एकूण २८,००० किलो आहे आणि रिकामी गाडी ९,४०० किलोची. मग पासिंग १८,६०० किलो, म्हणजे अठरा टन सहाशे. फोनवर "पासिंग किती?" असं विचारलं तर हा आकडा सांगायचा. मी पहिल्यांदा अठ्ठावीस टन सांगितलं होतं. समोरच्यानं "मग अठ्ठावीस भरू का?" असं विचारलं तेव्हा तो चेष्टा करतोय हेसुद्धा मला कळलं नाही.

जुन्या नि नव्या गाडीत गोंधळ नको. २०१८ च्या आधी दहा टायरची मर्यादा २५ टन होती, सहा टायरची १६.२. आता सहा टायरची १८.५ आहे. पण तुमच्या गाडीच्या आरसीवर जुनाच आकडा असेल तर तुमच्यासाठी तोच खरा. शेजारच्याची गाडी जास्त नेते म्हणून आपण भरायचं नाही.

पासिंगपेक्षा जास्त भरलं की "ओव्हरलोड". मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तीन टन जास्त असेल तर २६,००० झाले. शिवाय जादा माल तिथंच उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. "दोन टन जास्त घ्या, वरचं भाडं देतो" म्हणणारा व्यापारी नाक्यावर तुमच्यासोबत उभा नसतो.

आता काटा. गाडीसकट वजन करायची जागा म्हणजे वजनकाटा किंवा धर्मकाटा. "रिकामा काटा" म्हणजे माल भरण्याआधीचं वजन, "भरलेला काटा" म्हणजे भरल्यावरचं. फरक म्हणजे नक्त वजन, त्याला काट्याच्या पावतीवर "नेट" लिहितात. इतकं साधं आहे, तरी मी त्यात ३,८०० रुपये घालवले.

झालं असं. शिरपूरहून मका भरून गाडी परराज्यातल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात गेली. इथं दोन्ही काटे टाकी फुल्ल असताना केले. रस्ता नऊशे किलोमीटरचा, गाडीचं ॲव्हरेज चार. म्हणजे सव्वादोनशे लिटर डिझेल वाटेत जळलं. डिझेलचं लिटर किलोपेक्षा हलकं असतं, साधारण ८३० ग्रॅम. तिथल्या मुनशीनं फक्त भरलेला काटा केला, आमच्या पावतीवरच्या भरलेल्या काट्याशी ताडला आणि १९० किलो "घट" काढली. वीस रुपये किलोनं ३,८०० कापले. ड्रायव्हर नवा, त्यानं सही करून दिली. मका एक किलोही कमी नव्हता, कमी झालं होतं ते आमचंच डिझेल.

तेव्हापासून नियम ठरला: उतरवल्यावर तिथंही रिकामा काटा करायचा आणि नेटशी नेट ताडायचं. भरलेल्याशी भरलेलं ताडून घट लावली तर पोचवर सही करायची नाही, आधी फोन करायचा. रिकाम्या काट्याला क्लीनर केबिनमध्ये असेल तर भरलेल्या काट्यालाही तो असला पाहिजे. साठ किलोचा माणूस साठ किलोच दाखवतो.

३. ट्रेलर: घोडा वेगळा, गाडा वेगळा

ट्रक एकसंध असतो. ट्रेलर दोन तुकड्यांचा: पुढं इंजिन नि केबिनवाला "घोडा", त्याला हॉर्सही म्हणतात, आणि मागं ओढला जाणारा ट्रेलर. घोड्याला सहा टायर नि ट्रेलरला तीन एक्सलचे बारा, झाली अठरा टायर. घोडा दहा टायरचा असेल तर बावीस. अठरा टायरची मर्यादा साधारण साडेपंचेचाळीस टन, बावीसची ५५ टन.

घोड्याच्या पाठीवर जी ग्रीस माखलेली गोल बैठक असते ती "फिफ्थ व्हील". ट्रेलरच्या पोटाखालून खाली आलेला जाड खुंटा म्हणजे "किंगपिन". तो बैठकीच्या खाचेत शिरतो नि लॉक बसतो. किंगपिन दोन इंची किंवा साडेतीन इंची असतो, बहुतेक ठिकाणी दोन इंची. भाड्यानं दुसऱ्याचा ट्रेलर ओढणार असाल तर हे आधी विचारा, नाहीतर घोडा घेऊन जाल आणि लावता येणार नाही. घोडा सुटल्यावर ट्रेलर ज्या दोन पायांवर उभा राहतो ते "लँडिंग लेग". माती मऊ असेल तर पायाखाली लाकडी फळी टाकतात.

जोडल्यावर ड्रायव्हर गाडी हलकेच पुढं ओढून बघतो, ट्रेलरचा ब्रेक लावलेला असताना. लॉक बसलं नसेल तर ते तिथंच कळतं. मी आबांना विचारलं, डोळ्यांनी दिसतं ना लॉक, मग ओढायचं कशाला? ते म्हणाले, "दिसतं तसं नसतं, म्हणून तर." आणि टॉर्च घेऊन खाली वाकून पुन्हा बघितलं ते बघितलंच.

प्रकार थोडक्यात. सपाट फळीचा तो फ्लॅटबेड, लोखंड, पाइप, यंत्रं न्यायला. नुसता सांगाडा असतो तो स्केलेटल, त्यावर बंदरातून येणारी वीस किंवा चाळीस फुटी पेटी चार कोपऱ्यांवर "ट्विस्ट लॉक"नं अडकवतात. बसका असतो तो लो-बेड, पोकलेन, रोलर वगैरेंसाठी. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राख नेणारे गोल पोटाचे टँकर म्हणजे बल्कर. ते हवेच्या दाबानं रिकामे होतात, त्यामुळं बल्करचं भाडं ठरवताना कॉम्प्रेसर कोणाचा हे विचारावं लागतं.

आणि "ओडीसी". लांबी, रुंदी किंवा उंचीत नेहमीच्या मापाबाहेर जाणारा माल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची पाती ज्या लांबलचक ट्रेलरवरून आली तो ओडीसी. त्याला वेगळी परवानगी लागते, पुढं-मागं पायलट गाडी लागते. नवख्यानं त्यात पहिल्या वर्षी पडू नये असं माझं मत आहे. भाडं मोठं दिसतं, पण वाटेतल्या एका कमानीपाशी तीन दिवस उभं राहिलं की ते संपतं.

ट्रेलर मागं घेताना वळण उलटं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रेक जोरात लागून ट्रेलर बाजूनं पुढं येतो आणि घोड्याशी घडी होते, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. रिकामा ट्रेलर ओल्या रस्त्यावर जास्त घसरतो, भरलेला कमी. पहिल्या पावसात रिकाम्या ट्रेलरवर नवा ड्रायव्हर देऊ नका.

४. भाडं ठरवताना

भाडं दोन तऱ्हेनं ठरतं: टनानं किंवा ठोक, म्हणजे अख्ख्या खेपेचं एकच. टनानं ठरलं तर लगेच पुढचा प्रश्न, "गॅरंटी किती?" गॅरंटी म्हणजे माल कमी भरला तरी किमान इतक्या टनांचं भाडं देऊ, हे वचन. गॅरंटी अठरा टन ठरली आणि व्यापाऱ्यानं चौदाच भरले तरी भाडं अठराचं. हे आधी बोललं नाही तर गाडी अर्धी भरून जाते नि पैसेही अर्धेच येतात.

आपल्या भागात हे फार लागू पडतं, कारण जळगावचा निम्मा माल हलका आहे. चटई आणि पीव्हीसी पाइप हौदा गच्च भरतात, काटा मात्र सात-आठ टनांवरच थांबतो. अशा "व्हॉल्यूमच्या" मालाला टनानं भाडं बोलायचंच नाही. ठोक बोला, नाहीतर "चार्ज वजन" ठरवा, म्हणजे खऱ्या वजनापेक्षा वेगळं, भाडं आकारायचं वजन. उलट कापसाच्या गाठीचं गणित सोपं. एक गाठ साधारण १७० किलोची, शंभर गाठी म्हणजे सतरा टन, दहा टायरला बेताची. जिनिंगवाला "शंभर गाठींची गाडी पाहिजे" म्हणतो ते म्हणूनच.

"ॲडव्हान्स" म्हणजे भरताना मिळणारी रक्कम, "बॅलन्स" म्हणजे पोच आल्यावरची. दलाल त्यातून कमिशन कापतो. कमिशन ॲडव्हान्समधून कापणार की बॅलन्समधून, हे विचारून ठेवा. काही ठिकाणी दोन्हीकडून कापून बघतात.

"टू पे" म्हणजे भाडं माल घेणारा देणार. "पेड" म्हणजे पाठवणाऱ्यानं दिलं. "टीबीबी" म्हणजे नंतर बिल होणार, अर्थात उधारी. टू पे मध्ये नवखा असा अडकतो: माल उतरवून मोकळा होतो आणि मग भाडं मागतो. आधी भाडं, मग फाळका.

"हाल्टिंग" म्हणजे गाडी भरायला किंवा उतरवायला अडकून पडली तर दिवसाचे पैसे. कितव्या तासानंतर सुरू, दिवसाला किती, हे आधीच लिहून घ्या. तोंडी हाल्टिंग मला आजवर एकदाही मिळालेलं नाही.

"वाराई" हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या ड्रायव्हरना कळत नाही आणि इथल्यांना विसरता येत नाही. माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, जी गाडीवाल्याकडून घेतली जाते. गाडीमालकांच्या संघटना वर्षानुवर्षं "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणत आल्यात, आणि म्हणणं रास्त आहे. पण तत्त्व एकीकडं, फाळक्यासमोर उभी टोळी एकीकडं. म्हणून भाडं बोलतानाच "वाराईसह की वाराई सोडून" हे बोला.

"रिटर्न" म्हणजे परतीचं भाडं. ते जाण्याच्या भाड्यापेक्षा कमी असतं, कारण रिकामं येण्यापेक्षा काहीतरी बरं हे समोरच्यालाही ठाऊक असतं. "नंबर लावणं" म्हणजे ट्रान्सपोर्टनगरात गाडी रांगेत नोंदवणं. "पार्ट लोड" म्हणजे एका गाडीत अनेकांचा माल. उतरवायची ठिकाणं किती हे आधी मोजा, प्रत्येक ठिकाण अर्धा दिवस खातं.

५. बिल्टी आणि बाकीचे कागद

बिल्टी म्हणजेच एलआर, लॉरी रिसीट. माल कोणाचा, कोणाला, किती नग, किती वजन, भाडं कोण देणार, जोखीम कोणाची, सगळं या एका कागदावर. त्यावर "ओनर्स रिस्क" छापलेलं असतं, म्हणजे जोखीम मालवाल्याची. पण छापलं म्हणून वाहतूकदार सुटला असं नाही. कॅरिज बाय रोड कायदा २००७ मध्ये आला. त्याच्या नियमांनुसार मालाची जास्त किंमत आधी जाहीर केलेली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. म्हणून महागडा माल असेल तर बिल्टीवर किंमत आणि विमा कोणाचा, हे दोन्ही रकाने रिकामे सोडू नका.

ई-वे बिल म्हणजे जीएसटीसाठी माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. त्याचे दोन भाग. पहिल्यात माल नि बिल, दुसऱ्यात गाडी नंबर. मघाशी सांगितलेली पलटी झाली की दुसऱ्या भागात नवा गाडी नंबर घालावाच लागतो. हा विसर फार महाग पडतो. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हजार किलोमीटरला पाच. गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते. मध्यरात्री अलार्म लावून मी हे केलंय.

गंमत म्हणजे सावदा-रावेरकडून जाणाऱ्या ताज्या केळीला ई-वे बिल लागत नाही, त्याच केळीच्या वेफर्सला लागतं. ड्रायव्हरला हे माहीत नसेल तर दोन्ही वेळा गोंधळतो.

गाडीत कायम ठेवायचे कागद:
– आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, टॅक्सची पावती
– परमिट, राज्याबाहेर जायचं तर नॅशनल परमिट आणि त्याचं वर्षाचं ऑथरायझेशन
– ड्रायव्हरचं ट्रान्सपोर्टचं लायसन (मुदत पाच वर्षं)
– बिल्टी, मालाचं बिल, ई-वे बिल, दोन्ही काट्यांच्या पावत्या

"फिटनेस" आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. नॅशनल परमिट साध्या गाडीला बारा वर्षांपर्यंत मिळतं, मल्टी एक्सलला पंधरा. जुनी गाडी स्वस्तात घ्यायला निघालात तर हा आकडा आधी बघा. अकरा वर्षांची सहा टायर स्वस्त का मिळतेय ते लगेच कळेल. आरसीवर बँकेचा बोजा आहे का हेही वाहन पोर्टलवर स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर नको. एकूण वजन तीन टनांपर्यंत असलेल्या गाडीला परमिट लागत नाही, म्हणून पुष्कळ जण छोट्या हत्तीपासून सुरुवात करतात.

६. भरताना आणि उतरवताना

माल भरला की ताडपत्री, मग दोर. "डबल ताडपत्री" बोलले असतील तर दोन. एकच ताडपत्री चटईला चालून जाईल, मक्याला नाही. भिजलेल्या मालाला "डॅमेज", हरवलेल्याला "शॉर्टेज", दोन्ही कापतात गाडीवाल्याच्या बॅलन्समधून.

वजन पुढच्या-मागच्या एक्सलवर वाटून भरा. सगळं मागं टाकलं तर स्टिअरिंग हलकं होतं, ड्रायव्हर म्हणतो "गाडी पुढून उचलते". केळी भरणाऱ्या टोळ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही, त्यांचा हात बसलेला आहे. यंत्रं भरताना मात्र स्वतः उभे राहा.

उतरवल्यावर "पोच" घ्या. बिल्टीच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, वेळ. शेरा स्वच्छ हवा. "तपासणीनंतर" असा शेरा मारून दिला तर बॅलन्स महिनाभर लटकतं. तिथल्या तिथं पोचचा फोटो काढा, पण मूळ कागद जपून आणा. फोटोवर पैसे देणारे थोडेच.

७. रस्त्यावरचे शब्द

"ॲव्हरेज" म्हणजे लिटरला किलोमीटर. ते टाकी फुल्ल टू फुल्ल काढायचं, मीटरच्या काट्यावरून नाही.

"युरिया" म्हणजे शेतातला नाही! एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स गाड्या आल्या, त्यांना डिझेलबरोबर डीईएफ नावाचं द्रावण लागतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो, म्हणून सगळे त्याला युरियाच म्हणतात. संपलं की गाडी ताकद तोडते, घाटात रांगायला लागते. आमच्या ओळखीतल्या एका हुशारानं घरच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून टाकला. सगळी यंत्रणा बदलावी लागली. पंपावरचं बंद डब्यातलंच घ्या.

टायरचं माप "दहा-वीस" असं बोलतात, म्हणजे दहा इंच रुंद, वीस इंची रिंग. नायलॉन, रेडियल, ट्यूबलेस हे प्रकार. घासलेल्या टायरवर नवा थर चढवला तो रिमोल्ड. रिमोल्ड पुढच्या एक्सलवर घालू नका. जोडीच्या टायरमध्ये "आतला" बसला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून जुने ड्रायव्हर थांबले की टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, दोन्ही टायर ठोकून आवाज ऐकतात. भरलेल्याचा टणक, बसलेल्याचा भद्द.

"हवा" हा शब्द टायरपुरता नाही. ब्रेक हवेवर चालतात. "हवा उतरली" म्हणजे ब्रेकच्या टाकीतला दाब गेला, गाडी हलणार नाही, हलवायचीही नाही. "एक्झॉस्ट ब्रेक" म्हणजे इंजिनानंच गाडी रोखून धरणं. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना तो आणि खालचा गिअर, हेच खरे ब्रेक. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारा ड्रायव्हर दिसला तर त्याच्या हातून गाडी काढून घ्या. सतत पाय दाबून ब्रेक तापतात नि मग लागतच नाहीत. जुलै २०२३ मध्ये पळासनेरजवळ असाच ब्रेक गेलेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्या रस्त्यानं आमच्या गाड्या रोज जातात. तो दिवस हापिसात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मार्ग ठरवताना चाळीसगाव-कन्नडमधल्या औट्रम घाटाचं विचारून घ्या. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथं अवजड वाहनांना बंदी आली. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, तुम्ही त्या किलोमीटरवर भाडं ठरवता आणि प्रत्यक्षात वळसा पडतो.

टोलवर गाडीचा वर्ग एक्सलवर ठरतो. फास्टॅगमध्ये वर्ग चुकीचा नोंदला असेल तर प्रत्येक नाक्यावर चुकीचे पैसे कापले जातात. नवीन टॅग घेतला की लळिंग किंवा सोनगीरच्या पहिल्याच नाक्यावरचा मेसेज उघडून बघा.

८. खेपेचा हिशेब

ड्रायव्हर परतला की "खेप मिटवणं". मिळालेलं भाडं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला डिझेल, युरिया, टोल, वाराई, ड्रायव्हरचा भत्ता, पंक्चर, कमिशन, घट. ड्रायव्हरला निघताना दिलेली रक्कम "खर्ची". ती त्याची कमाई नाही, तिचा हिशेब द्यायचा असतो. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, नाहीतर चांगला माणूस तुटतो.

तुमच्याकडं वर्षभरात दहापेक्षा जास्त मालगाड्या नसतील तर पॅनकार्डासह तसं घोषणापत्र भाडं देणाऱ्या कंपनीला द्या, मग भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. बरेच एका गाडीचे मालक हे करत नाहीत नि मग परताव्याची वाट बघतात.

गाडीत ठेवायचं सामान, पहिल्या खेपेच्या आधी: स्टेपनी आणि तिची हवा बघितलेली, जॅक, टॉमी, चाकपाना, हवेचा एक जादा पाइप, लाकडी ठोकळे दोन (चढावर चाकाखाली लावायला), त्रिकोणी रिफ्लेक्टर, आग विझवायचं सिलिंडर, टॉर्च, ताडपत्री, दोर, ताडपत्री शिवायचा दाभण नि सुतळी, पाण्याचा कॅन, युरियाचा एक बंद डबा. आणि बॉलपेन दोन. पोचवर सही घ्यायच्या वेळी समोरच्याकडं पेन नसतं, हा माझा वीस खेपांचा अनुभव आहे.

आबांच्या खिशात अजूनही एक छोटी वही असते. डाव्या पानावर रिकामा काटा, उजव्या पानावर भरलेला, खाली टाकी किती होती ते. मोबाइल आला, ॲप आलं, तरी ती वही चालू आहे. परवा नव्या पोराला त्यांनी विचारलं, "काय भाऊ, काटा करताना टाकी किती व्हती?" पोरगं म्हणालं, "ते कशाला पाहिजे आबा?" आबांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला मक्याच्या खेपेची गोष्ट सांगायला लागलो.